नव्या सहीच्या वीसच्या नोटा : 57 बंडले घ्यावीत का?

प्रश्न : दीड लाख बोनस मिळाला आहे. मुलगी तीन वर्षांची. एक विक्रेता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांच्या सहीच्या 20 रुपयांच्या करकरीत नोटांचे शंभराचे बंडल 2,600 रुपयांना देतोय. मुलीच्या शिक्षणासाठी पंधरा वर्षे ठेवावीत का? जुन्या हजाराच्या 100 नोटाही स्वस्तात देतो म्हणतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नका. एका बंडलाची दर्शनी किंमत 2,000. तुमच्या पैशांत 57 बंडले येतील : 1,48,200 रुपये मोजून हाती 1,14,000 चे चलन. म्हणजे 34,200 रुपये पहिल्याच दिवशी गेले. दीड लाख पीपीएफमध्ये टाकले आणि 7.1 टक्के दर टिकला, तर 15 वर्षांत सुमारे 4.2 लाख होतात. नोटांतल्या पैशांनी त्याच दराने वाढायचे तर प्रत्येक बंडलाचे तुमच्या हातात जवळपास 7,275 रुपये पडायला हवेत. दलालाने 25 टक्के कापले, तर गिऱ्हाइकाला 9,700 मोजावे लागतील. आणि एकच व्हरायटी (एकाच प्रकारची नोट) 57 बंडलांनी बाजारात आणली, तर भाव तुम्हीच पाडाल.

अमिताव घोष 1985 मध्ये जेमतेम वीस दिवस गव्हर्नर होते. त्यांची सही फक्त दहाच्या नोटेवर आली. संग्राहक ती शोधतात. आज मात्र सही बदलली की लोक बंडलेच कपाटात टाकतात. जे सगळ्यांनी जपले, ते दुर्मिळ कसे होणार?

छंद असेल तर जरूर जोपासा, पण 5,000 रुपयांत. 10 ते 500 पर्यंतच्या सहा नोटांचा एक संच दर्शनी किमतीला 880 रुपयांना पडतो, तोही बँकेच्या खिडकीवर. नोंदवहीत प्रत्येक नोटेचे मूल्य, गव्हर्नरची सही, मागे डावीकडे छापलेले वर्ष, क्रमांकाच्या पट्टीतले फिकट इंग्रजी अक्षर (इनसेट; नसेल तर ‘नाही’ लिहा), प्रिफिक्स (क्रमांकाआधीची अंक-अक्षरे) आणि स्टार एवढे रकाने ठेवा. सही तीच पण वर्ष किंवा इनसेट वेगळे, तर व्हरायटी वेगळी. नोंद अशीच करतात.

स्टार म्हणजे क्रमांकात * खूण असलेली, छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी आलेली नोट. ती पूर्ण वैध असते. स्टार नोटा असलेल्या बंडलाच्या कागदी पट्टीवर तसे लिहिलेले असते आणि आतल्या शंभर नोटा ओळीने क्रमवार नसतात. म्हणून ‘सलग शंभर स्टार’ म्हणणाऱ्याला आधी पट्टी दाखवायला सांगा. नोट टॉर्चसमोर तिरकी धरा : इस्त्रीने दाबलेल्या घडीची रेघ उजेडात उमटते. तशी नोट ‘यूएनसी’च्या (न वापरलेल्या कोऱ्या नोटेच्या) भावाने घेऊ नका.

पीव्हीसीच्या पाकिटात नोट ठेवू नका, त्यातले रसायन झिरपून डाग पडतात. पॉलिएस्टरची (मायलार) पाकिटे घ्या. लॅमिनेशन नको, स्टेपल नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवेच, नाहीतर बुरशी धरते.

हजाराच्या शंभर नोटांना तर हातही लावू नका. 2017 च्या कायद्यानुसार बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या मिळून दहापेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी 25 पर्यंत मुभा आहे. त्याहून जास्त बाळगल्यास दंड दहा हजारांपर्यंत किंवा दर्शनी किमतीच्या पाचपटीपर्यंत, जो जास्त असेल तो. शंभर नोटांवर ही पाचपट पाच लाख होते.