जन्मापासून ख्रिस्ती आहे, पण देवाशी रोजचं नातं जाणवत नाही. ते कसं वाढवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय 29, जन्म ख्रिस्ती घरातला, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचनं अजून आठवतात. तरीही सकाळी बायबल उघडलं की मन भलतीकडे जातं आणि प्रार्थना करताना आपण आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. त्यात अंबरनाथहून रोज सहाची लोकल धरायची असते, तेव्हा वेळ कुठून आणायचा, हाही तुमचा प्रश्न आहे.

तुमचा प्रश्न वाचून मला आधी पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या एवढ्या विदुषी, समजून-उमजून ख्रिस्ती झालेल्या. आणि त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. रमाबाईंना हे जाणवायला आठ वर्षं लागली. तुम्हाला ते एकोणतिसाव्या वर्षी जाणवलं, याचं मला खरोखर बरं वाटलं. ज्याला काहीच नको असतं, त्याला काही कमी असल्याचं कळतही नाही.

मी सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केली, आता निवृत्त आहे. माहेर नगर जिल्ह्यातलं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कौटुंबिक प्रार्थना असायची. एक गीत, मग प्रत्येकाने आळीपाळीने शास्त्रातली दोन-दोन वचनं वाचायची आणि शेवटी वडिलांची प्रार्थना. ते फार सुंदर प्रार्थना करत. "हे आमच्या कृपाळू स्वर्गीय बापा, आजवर तू आम्हांस राखिलेस..." अशी सुरुवात झाली की आम्ही भावंडं डोळे मिटून ऐकत बसायचो. पुढे मी वसतिगृहात एकटी प्रार्थना करू लागले, तेव्हा माझ्या तोंडून त्यांचीच वाक्यं यायची. लग्न झालं, मुलं झाली, तरी तेच. घरात मी "आलेय, गेलेय" बोलायची आणि देवापुढे बसले की "आम्हांस, तुजपाशी, राखिलेस". त्या भाषेत माझी अशी एकही गोष्ट देवाला सांगता येत नव्हती. थकवा सांगता येत नव्हता, राग तर नाहीच.

वडील गेल्यानंतरची गोष्ट. रात्रपाळी होती. वॉर्डात एक तरुण बाई दगावली, तिचं तान्हं बाळ बाहेर आजीच्या मांडीवर होतं. पहाटे चारच्या सुमारास मी जिन्यात जाऊन बसले. सवयीने डोळे मिटले आणि पहिलं वाक्य ओठांवर आलं, "हे कृपाळू..." पुढे शब्दच फुटेना. मग मी म्हटलं, "मला तुझा राग आलाय. तू इथं आहेस की नाहीस तेही मला कळत नाहीये." एवढंच. माझ्या आयुष्यातली ती पहिली प्रार्थना, असं मी आज म्हणते. उत्तर आलं नाही, उजेड पडला नाही. पण कुणीतरी ऐकतंय एवढं नक्की वाटलं, आणि ते त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भीती वाटली की आपण पाप केलं. म्हणून बायबलमधली स्तोत्रसंहिता काढली आणि थक्क झाले. तेरावं स्तोत्र सुरू होताच दावीद देवाला "किती काळ?" असं चारदा विचारतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, त्यात कसलंही समाधान नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि दीडशे स्तोत्रांत अशी तक्रारीची स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत. वधस्तंभावर प्रभूने जे म्हटलं, "माझा त्याग का केलास", तेही बाविसाव्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य. म्हणजे देवानेच आपल्याला गाऱ्हाण्याचे शब्द देऊन ठेवलेत आणि आपण ते उपासनेला गुळगुळीत करून वाचतो.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हेच. तुम्ही घरात ज्या भाषेत बोलता त्या भाषेत देवाशी बोला, आणि जे खरं आहे तेच बोला. मन लागत नसेल तर "मन लागत नाहीये" हीच त्या दिवसाची प्रार्थना. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ते ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणत. आईशी कुणी ग्रांथिक भाषेत बोलतं का? रमाबाईंनीही आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी करण्यात घालवली, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणूनच. 1922 मध्ये त्या वारल्या, आणि दौंडजवळच्या केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनमधल्या छापखान्यात ते संपूर्ण बायबल 1924 साली छापून झालं. माझ्या आजीकडे त्याची एक प्रत होती. तिला त्यातलं जे समजायचं, ते ती चुलीपुढे बसून देवाला परत सांगायची, "तू असं म्हणालास ना? मग आता बघ."

आता वाचनाबद्दल. तुम्ही म्हणता वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता घेतला आणि लेवीय पुस्तकात अडकलात. तो तक्ता सध्या बाजूला ठेवा. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत. रोज एकच परिच्छेद, आणि तोही मोठ्याने किंवा निदान ओठ हलवत. कसं वाचायचं ते माझ्याच एका वाचनावरून सांगते.

दहाव्या अध्यायाच्या शेवटी बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी मी अडखळले. आंधळ्याला हे विचारायचं कशाला? त्याला काय हवंय ते कुणालाही दिसतंय. मग जरा मागे वाचलं, तर त्याच अध्यायात याकोब आणि योहान या शिष्यांनाही येशूने हाच प्रश्न विचारलेला. त्यांनी मानाच्या जागा मागितल्या. बार्तीमयाने दृष्टी मागितली. प्रश्न एकच, आणि उत्तरावरून माणूस कळतो.

मग वाटलं, तोच प्रश्न मला विचारला तर? पहिल्या दिवशी मी मुलांच्या शिक्षणाचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बदलीचं. तिसऱ्या दिवशी वहीत आपोआप लिहिलं गेलं, "मला दादाशी बोलायचंय."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर अडीच एकर जमीन होती. त्याने हक्कसोडपत्र तयार करून माझ्याकडे सहीला पाठवलं, एका शब्दाने विचारलं नाही. मी सही केली आणि बोलणं बंद केलं. चार वर्षं. जमीन मला नकोच होती, पण त्याने विचारायला हवं होतं. ही चार वर्षं मी दर रविवारी उपासनेला जात होते, प्रभुभोजन घेत होते, आणि प्रार्थना कोरडी का, म्हणून पाळकसाहेबांना विचारत होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने स्पष्ट सांगितलंय की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मला ते वचन तोंडपाठ होतं.

फोन केला. दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जेवलीस का?" त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो. जमिनीचं तो आजतागायत बोललेला नाही आणि माफी कुणीच कुणाची मागितलेली नाही. पण त्यानंतर प्रार्थनेला बसताना माझी जी टाळाटाळ व्हायची, ती गेली. म्हणून तुम्हालाही प्रेमाने विचारते, तुमचं कुणाशी बोलणं बंद आहे का? नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. असेल तर आधी तिकडे बघा, नवीन ध्यानपुस्तिका नंतर घेता येईल.

वेळेचं फार मनावर घेऊ नका. प्रभू स्वतः भल्या पहाटे एकांतात जाऊन प्रार्थना करायचा, हे मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण रात्रपाळीच्या बाईची पहाट सकाळी नऊला घरी आल्यावर व्हायची. मी अंघोळ करून, चहाचा कप घेऊन, खिडकीपाशी त्याच खुर्चीत बसायची. पंधरा मिनिटं. जागा आणि वेळ तीच ठेवा म्हणजे रोज नव्याने ठरवावं लागत नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. गेल्या वर्षीच्या तरुण शिबिरातल्या अनुभवावर आज जगता येत नाही, ते यामुळेच. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारी वचनं चांगलीच असतात, पण ती दुसऱ्याने गोळा केलेली. त्या पंधरा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

उरलेल्या दिवसाचं काय? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू स्वयंपाकघरात राबत. भांड्यांच्या गलबल्यातही देव आपल्याला प्रार्थनेइतकाच जवळ असतो, असं ते सांगत. मला हे पटायचं, कारण वॉर्डात मी तेच करायची. सलाइन लावताना त्या माणसाचं नाव घ्यायचं, "प्रभू, यांच्याकडे बघ." एका ओळीची प्रार्थना. मोठ्या प्रार्थनेला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ रुग्णाजवळ नसायचाच. रात्री झोपताना दिवसाची उजळणी करायची. आज देव कुठे जवळ वाटला, आणि आपण कुठे तोंड फिरवलं? जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या संघातल्या माणसांना हीच सवय लावली. पाच मिनिटं पुरतात.

नर्स म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, खाण्यावरची वासना उडाली असेल, कशातच जीव रमत नसेल, तर त्याला विश्वासाची कमतरता समजू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. देवाचा मंद, शांत आवाज त्याला पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर ऐकू आला. डॉक्टरकडे जाणं हे त्या भाकरीसारखंच आहे.

आवाजावरून आठवलं. "प्रभूने मला तुमच्याविषयी असं सांगितलंय" म्हणत कुणी तुमच्या लग्नाचे, नोकरीचे निर्णय घेऊ लागलं, तर सावध राहा. शास्त्राशी ताडून बघा, मंडळीतल्या एखाद्या जुन्या, शांत माणसाला विचारा. मी आयुष्यात कानांनी देवाचा आवाज ऐकलेला नाही. मला तो वाचलेल्या वचनातून, आणि बहुतेक वेळा जे करायचं टाळतेय त्याच्या आठवणीतून बोलतो.

राहिली तुमची लोकल. 1890 च्या दशकात टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून त्यांनी तो उघडला, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. तेव्हा गाडीतल्या जागेला कमी लेखू नका. अंबरनाथ ते कल्याण एवढ्या वेळात मार्काचा एक परिच्छेद दोनदा वाचून होतो. उद्या पहिल्या अध्यायातली पहिली आठ वचनं घ्या. कल्याणनंतर गर्दी वाढली की पुस्तक मिटा आणि डोळे उघडे ठेवूनच देवाशी बोला, शेजारच्याला कळतसुद्धा नाही.

महिनाभराने काय झालं ते इथे लिहा, काहीच झालं नाही तर तेही लिहा. तोवर सकाळच्या खुर्चीत मी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय. नाव माहीत नाही, म्हणून "अंबरनाथचा तो मुलगा" असंच म्हणते.