इतिहासाच्या वाटेवर : हॉलंड पार्कची मालकीण आणि जमैकाचा ऊस

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मुलीकडे लंडनला होते तेव्हा रोज संध्याकाळी हॉलंड पार्कात फिरायला जायचे. तिथे एक अर्धवट पडका वाडा आहे. जावई म्हणाले, या वाड्याच्या मालकिणीनं, लेडी हॉलंडनं, इंग्लंडात डेलिया रुजवला आणि कैदेतल्या नेपोलियनला पुस्तकं, खाऊ पाठवला. परत आल्यावर वाचलं की तिचा सगळा पैसा जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांतून येत होता आणि नवरा मात्र गुलामांच्या व्यापाराविरुद्ध होता. एकाच घरात हे दोन्ही कसं? तिच्या मुलाबाळांचं पुढे काय झालं? आणि या बाईची कीव करायची की राग?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : तुम्ही ऊसपट्ट्यातून लिहिता आहात, म्हणून वाड्याआधी उसाबद्दल लिहिते.

जमैकाच्या पश्चिम टोकाला वेस्टमोरलंड नावाचा परगणा आहे. तिथे वासल घराण्याचे उसाचे मळे होते. त्यांतल्या दोघांची नावं ‘फ्रेंडशिप’ आणि ‘ग्रीनिच’. एलिझाबेथ वासल ही रिचर्ड वासल या मळेवाल्याची एकुलती एक लेक. ती जन्मली लंडनमध्ये, १७७१ साली, आणि जमैकाला जन्मात कधी गेली नाही. आजोळ न्यूयॉर्कचं. तिथल्या ज्या भागाला आज चेल्सी म्हणतात, ती तिच्या आईच्या वडिलांची, थॉमस क्लार्क यांची जमीन. वासलांची आणखी एक शाखा मॅसॅच्युसेट्समध्ये होती. त्यांतल्या जॉन वासलनं १७५९ मध्ये केंब्रिज गावात टोलेजंग घर बांधलं. अमेरिकेत बंड झालं, हा राजाच्या बाजूचा म्हणून त्याला पळावं लागलं आणि त्याच घरात जॉर्ज वॉशिंग्टननं आपलं ठाणं मांडलं. लंडन, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कुठूनही या घराण्याचा माग काढा, मुळाशी ऊसच सापडतो.

शिरोळकडे माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणाचा जाळ, काहिलीत उसळणारा रस, मळी काढून टाकणारा गुळव्या, हे सगळं तुम्हालाही ठाऊक असेल. जमैकातल्या साखरघराची रचना त्याच जातीची. फरक असा की तिथे एकीपेक्षा एक लहान अशा तांब्याच्या काहिलींची रांग असे आणि रस आटत जाईल तसा मोठ्या पळ्यांनी पुढच्या काहिलीत ओतत जात. हंगाम जानेवारीच्या सुमारास सुरू झाला की कित्येक महिने रात्रपाळ्या चालत. चरकात ऊस सारणाऱ्याचा झोपेनं डोळा लागला आणि बोटं रुळांत गेली, तर पूर्ण माणूस ओढला जाण्याआधी हात तोडता यावा म्हणून शेजारी कोयता नाहीतर कुऱ्हाड ठेवलेली असे. त्या काळच्या लोकांनीच हे लिहून ठेवलं आहे. पाच-सहा वर्षांच्या पोरांची तण वेचायची वेगळी टोळी असे. मामांच्या गुऱ्हाळात गुळव्याला पहिला मान होता आणि हंगाम संपला की तो आपल्या गावी जाई. वेस्टमोरलंडमध्ये काहिलीपाशी उभा असलेला माणूस बैल, खेचरं आणि भांड्यांबरोबर एकाच यादीत मोडत असे. नाव, वय, किंमत. त्या यादीची वारसदार म्हणजे ही एलिझाबेथ.

आता तिचं लग्न. १७८६ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिला ससेक्समधल्या बॅटल ॲबीच्या सर गॉडफ्रे वेब्स्टरला दिली. तो तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, तापट आणि जुगारी. आपल्याकडे स्त्रीधनाची कल्पना निदान शास्त्रात तरी होती. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात लग्न लागलं की बायकोचा रोख पैसा, दागदागिने नवऱ्याचे होत आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. वडील वारल्यावर मळ्यांचं उत्पन्न तिच्याकडे आलं, वर्षाला सुमारे ७००० पौंड. नावाला तिचं, हातात नवऱ्याच्या.

१७९४ मध्ये इटलीत तिची गाठ तरुण लॉर्ड हॉलंडशी पडली. तो विशीतला, सालस आणि फार वाचलेला. वेब्स्टर एकटा इंग्लंडला निघून गेला, ही मागे राहिली आणि हॉलंडपासून तिला दिवस गेले. आता घटस्फोट अटळ होता. घटस्फोट झाला की मुलं बापाची, आईला दर्शनसुद्धा नाही. तेव्हा या बाईनं जे केलं ते वाचताना माझा दर वेळी थरकाप होतो. १७९६ मध्ये इटलीतच तिनं आपली दोन वर्षांची मुलगी हॅरिएट गोवरानं गेल्याची बातमी उठवली, खोटं दफन करवलं आणि लेकीला चोरून आपल्याजवळ ठेवलं. बापानं मुलगी मेली असं समजून सुतक पाळलं. तीन वर्षांनी, १७९९ मध्ये, तिनं स्वतःच खरं काय ते उघड केलं आणि मुलगी वेब्स्टरकडे गेली. पुढे हॅरिएटचं लग्न आरमारातल्या फ्लीटवुड पेल्यू या अधिकाऱ्याशी झालं.

घटस्फोटासाठी पार्लमेंटचा खास कायदा करावा लागला. ४ जुलै १७९७ ला तो झाला आणि दोनच दिवसांत तिनं हॉलंडशी लग्न केलं. हॉलंडला ६००० पौंड नुकसानभरपाई वेब्स्टरला द्यावी लागली. मळ्यांचं बहुतेक उत्पन्नही वेब्स्टरकडेच राहिलं. १८०० मध्ये त्यानं पिस्तुलानं स्वतःचा जीव घेतला, तेव्हा कुठे मळे तिच्याकडे परत आले. त्याच वर्षी लॉर्ड हॉलंडनं आपल्या नावात ‘वासल’ जोडलं. बायकोचं आडनाव लावणारा सरदार! पण त्या आडनावामागे मळे होते, हे विसरून चालणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हॉलंड लहानपणीच पोरका झाला होता, त्याच्यावर काकांचा, राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्स यांचा, मोठा प्रभाव. गुलामांचा व्यापार बंद करा असा ठराव फॉक्स यांनी मरणापूर्वी थोडेच महिने, जून १८०६ मध्ये, पार्लमेंटमध्ये मंजूर करून घेतला. १८०७ चा कायदा झाला तेव्हा हॉलंड स्वतः मंत्रिमंडळात होता. तो प्रामाणिकपणे व्यापाराविरुद्ध होता आणि त्याचं हे श्रेय मी काढून घेणार नाही. मात्र १८०७ च्या कायद्यानं बंद झाली ती आफ्रिकेतून माणसं आणून विकणं. मळ्यावर आधीच असलेली माणसं आणि त्यांची पोरंबाळं गुलामच राहिली. ‘फ्रेंडशिप’वरची धुराडी पेटतीच होती आणि हॉलंड हाउसचा, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या त्या वाड्याचा, खर्च त्यातूनही भागत होता. १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, तेव्हा ब्रिटिश सरकारनं २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मालकांना. राबलेल्यांच्या हातावर एक पैही पडली नाही, उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना त्याच मालकाकडे राबावं लागलं. भरपाई घेणाऱ्यांत लॉर्ड हॉलंड होता आणि कायदा करणाऱ्या मंत्रिमंडळातही होता. एकाच घरात दोन्ही कसं, असं तुम्ही विचारता. मला वाटतं, त्या घरात कुणाला हे दोन वेगळे प्रश्न आहेत असंच वाटत राहिलं. तत्त्वाची चर्चा जेवणाच्या टेबलावर होई. मळ्याचा हिशेब कारकुनाकडून येई.

आणि ते टेबल काय होतं! घटस्फोटामुळे लंडनच्या घरंदाज बायका तिच्याकडे फिरकत नसत, म्हणून तिनं पुरुषांची मैफल जमवली. कवी बायरन, फ्रेंच मुत्सद्दी तालेरां, विनोदी लेखक-धर्मगुरू सिडनी स्मिथ, सगळे तिथे जेवले. सर जेम्स मॅकिंटॉशही नेहमीचे. हे १८०४ मध्ये मुंबईला रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, म्हणून आले आणि त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे लिटररी सोसायटी काढली. आपल्या टाउन हॉलातल्या एशियाटिक सोसायटीचं मूळ ते. १८३१ पासून तरुण मेकॉले हॉलंड हाउसला येऊ लागला. बाईचा रुबाब एलिझाबेथ राणीसारखा, असं त्यानं पत्रात लिहिलं आहे. मेकॉलेला आपण शिक्षणाबद्दलच्या टिपणामुळे आणि दंडसंहितेमुळे ओळखतो. पण त्याचे वडील झॅकरी मेकॉले सोळाव्या वर्षी जमैकातल्या मळ्यावर कारकून म्हणून गेले होते. तिथे जे पाहिलं त्यानं हादरून पुढे त्यांनी उभं आयुष्य गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात घातलं. त्यांचा मुलगा वासलांच्या साखरेवर चालणाऱ्या टेबलावर जेवत होता. त्या दोघा बापलेकांत याबद्दल काय बोलणं झालं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

डेलियाची गोष्ट खरी आहे. १८०४ मध्ये तिनं माद्रिदहून बी पाठवलं आणि ते हॉलंड हाउसच्या बागेत रुजलं. त्याआधीही कुणी रोपं आणली होती, पण ती टिकली नव्हती. नेपोलियनचंही खरं. मरताना त्यानं सोन्याची तपकिरीची डबी तिच्या नावे ठेवली.

मुलांबद्दल. हॉलंडपासून लग्नाआधी झालेला चार्ल्स फॉक्स सैन्यात जनरल झाला. ग्रीक नाण्यांचा त्याचा मोठा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर बर्लिनच्या संग्रहालयानं घेतला. पण जन्म लग्नाआधीचा, त्यामुळे सरदारकी त्याला मिळाली नाही. ती गेली धाकट्या हेन्रीकडे आणि तो १८५९ मध्ये निपुत्रिक वारल्यावर संपली. बाई स्वतः १८४५ मध्ये वारली. मृत्युपत्रात लंडनच्या केनिंग्टन भागातल्या जमिनीचं वर्षाला १५०० पौंडांचं उत्पन्न तिनं पोटच्या मुलांना डावलून लॉर्ड जॉन रसेल या राजकारण्याला हयातभर दिलं. त्या बाजूला आजही वासल रोड आहे. वाडा पडका झाला तो सप्टेंबर १९४० मध्ये, जर्मन बॉम्बनी.

कीव की राग? पंधराव्या वर्षी लग्नात ढकललेल्या, लेकीला खोटं मारून जवळ ठेवणाऱ्या आईची मला कीव येते आणि ती मी लपवणार नाही. पण आपलं मूल हिरावलं जाण्याचं दुःख या बाईला नेमकं ठाऊक होतं, आणि तिच्या मळ्यावरच्या आयांची मुलं कायद्यानं जन्मतःच मालकाची होती. तिला हे दिसायला हवं होतं, एवढं मी ठामपणे म्हणेन. म्हणून राग जास्त.

पुढच्या खेपेला मुलीकडे जाल तेव्हा केव गार्डन्स स्टेशनवर उतरा. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर ब्रिटनचा राष्ट्रीय दप्तरखाना आहे. १८१७ पासून दर तीन वर्षांनी जमैकातल्या मळ्यांवरच्या गुलामांची नोंद करावी लागे, त्या वह्या तिथे आहेत. नाव, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, सगळं लिहिलेलं. भरपाईचे दावे मात्र घरबसल्या पाहता येतील. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडननं त्यांची सूची संगणकावर खुली केली आहे. परगण्याच्या जागी वेस्टमोरलंड निवडा आणि मळ्याचं नाव ‘फ्रेंडशिप’ टाका. त्या नावाचे मळे जमैकात बरेच होते, म्हणून मालक हॉलंड आहे ना, एवढं बघून घ्या.