आधी उघड, मग विकत घे

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पन्नास चामडी कादंबऱ्यांचा सेट एकदम घ्यावा की तेवढ्याच पैशांत दोन-तीन जुनी सचित्र पुस्तकं, या घोळात तू महिना घालवलास. पण पाठवलेल्या फोटोंत एकही पुस्तक उघडलेलं नाही! सगळे कणे. सोनेरी अक्षरं, सोनेरी पट्ट्या, रांगेत उभे. कण्यावरून पुस्तक घेतात का? आधी उघड, मग विकत घे.

विक्रेत्याकडे सहा फोटो माग. पहिला, कण्याच्या वरच्या टोकाचा, अगदी जवळून. तिथे फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, गोलसर घड्या शेजारी शेजारी दिसल्या तर बहुधा शिलाई आहे. सपाट कडा दिसली तर नुसता गोंद, आणि तो कडक झाला की पानं सुटायला लागतात. दुसरा, एखाद्या फर्म्याच्या मधोमध उघडलेल्या पानांचा, घडीत दोरा दिसायला हवा. तिसरा, पुढचा पुठ्ठा आणि पुस्तक जिथे जुळतं त्या आतल्या सांध्याचा. अस्तराचा कागद फाटून जाळीचं कापड डोकावत असेल तर पुठ्ठा सुटायच्या वाटेवर आहे. मग शीर्षकपान, शेवटचं पान आणि एक चित्र.

शेवटचं पान का, सांगते. जॉर्ज मेसीने १९२९ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेल्या लिमिटेड एडिशन्स क्लबच्या पुस्तकांत प्रतीचा क्रमांक आणि बहुधा चित्रकाराची सही तिथेच असते. १९३५ च्या ‘युलिसीस’च्या १५०० प्रतींवर चित्रकार मातीसची सही आहे, लेखक जॉइसची मात्र २५० प्रतींवरच. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि तो बंद पुस्तकाच्या फोटोत दिसत नाही.

एवढे पैसे तुझ्याकडे नाहीत, ठाऊक आहे. मग मेसीचीच हेरिटेज प्रेस बघ. १९३५ पासूनची, प्रती मर्यादित नाहीत, चित्रं पुष्कळदा क्लबच्या आवृत्तीतलीच. शीर्षकपानावर न्यूयॉर्क असेल ती घे, नॉर्वॉक, कनेटिकट असलेल्या नंतरच्या. आत ‘सँडग्लास’ नावाचं माहितीपत्रक आहे का, तेही विचार.

चामड्याचा मोह सोड. ‘बाँडेड लेदर’ म्हणजे चामड्याचा भुगा रसायनात कालवून कापडावर किंवा कागदावर थापलेला थर. तो पापुद्र्यांनी सुटतो. आणि ज्या आवृत्तीसाठी संग्राहक जीव टाकतात, ती ह्यू थॉमसनच्या चित्रांची १८९४ ची, पुठ्ठ्यावर सोनेरी मोर असलेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, ती कापडी बांधणीतली आहे!

चित्रं मोज. पुढे चित्रांची यादी असते, तिच्याशी प्रत्येक चित्र ताडून बघायला सांग. वेगळ्या कागदावर छापून वरच्या कडेने चिकटवलेली रंगीत चित्रं फ्रेम करून विकण्यासाठी काढून घेतात, आणि मागे उरतो गोंदाचा डाग. हे उघडल्याशिवाय कळेल का? मग उघड ना!

सेट तोडू नये म्हणणारे खूप भेटतील. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलं, मत सोडलं नाही. कणा बघून घेतलेल्या प्रतींचीच मला खंत आहे. कपाट अर्धं रिकामं दिसलं तर दिसू दे, त्यातलं प्रत्येक पुस्तक मला हातात धरून वाचता येतं.

पुस्तक घरी आलं की घाई करू नकोस. कणा टेबलावर टेकव. पुढचा पुठ्ठा हलकेच खाली, मग मागचा. पुढची आठ-दहा पानं बोटाने दाबून खाली, मग मागची तेवढीच. असं आलटून पालटून मध्यापर्यंत ये. थेट मधे उघडून दाबलंस तर कण्यावरचा गोंद तडकतो आणि पुस्तक कायम तिथेच उघडतं. कपाटातून काढताना कण्याचं टोक ओढू नकोस, शेजारची दोन पुस्तकं आत ढकल आणि मधलं कमरेत धर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, आत आर्द्रतामापक ठेव, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तक, हो, उघड. सेलोटेप कुठेही लावायची नाही.

सेटवाल्याला आजच निरोप धाड. फोटो आले की मला पाठव, कण्याचं वरचं टोक उजेडात नीट दिसेल असं.