परक्या घरी एक शालेय वर्ष : पालकांच्या शंकांना उत्तरे

पंधरा ते अठरा या वयात एक शैक्षणिक वर्ष परदेशी कुटुंबात राहून तेथील शाळेत शिकण्याच्या एक्स्चेंज कार्यक्रमांविषयी येणाऱ्या पत्रांतील गोंधळ दरवर्षी तोच असतो, म्हणून यावेळी निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे. बहुतेकांचा ओढा अमेरिकेकडे असल्यामुळे उत्तरे मुख्यतः तेथील जे-१ या एक्स्चेंज कार्यक्रमांसाठीच्या व्हिसाच्या नियमांना धरून आहेत. जर्मनी, इटली किंवा जपानला जाणाऱ्यांनी ती जशीच्या तशी लागू करू नयेत.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. निकाल लागल्यावर जूनमध्ये अर्ज केला, तर ऑगस्टमध्ये अमेरिकेत जाता येईल का? (सांगली)

नाही. स्पॉन्सर संस्थेला, म्हणजे अमेरिकेत हा कार्यक्रम चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला, शाळेची लेखी स्वीकृती आणि यजमान कुटुंब या दोन्ही गोष्टी ३१ ऑगस्टपर्यंत निश्चित कराव्या लागतात, आणि त्याच्या आधी मुलाखत, निवड, वैद्यकीय अहवाल व व्हिसाची भेट एवढे सगळे उरकलेले असावे लागते. निदान एक वर्ष आधी चौकशीला लागा. शाळा सुरू होताना मुलाचे वय सामान्यतः १५ पूर्ण आणि साडेअठराच्या आत असावे लागते. त्याच्या पासपोर्टची मुदत आजच पाहा. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे अनेकांना व्हिसाच्या अर्जाला बसल्यावर आठवते.

प्रश्न : तिकडे अकरावी केली की परत आल्यावर थेट बारावीत बसवतात, असे ऐकले. खरे आहे का? (नाशिक)

कोणाकडून ऐकले, हे आपण लिहिलेले नाही. हे वर्ष जादाचे आहे असे समजूनच योजना आखावी. अमेरिकन शाळा एक्स्चेंज विद्यार्थ्याला डिप्लोमा, म्हणजे शालेय शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, देईलच, याची हमी संस्था देत नाहीत. पुष्कळ शाळा गुणपत्रक आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र देतात. तेवढ्यावर प्रवेश द्यायचा की नाही, हे आपले कनिष्ठ महाविद्यालय आणि मंडळ ठरवते, शेजाऱ्यांचा अनुभव नव्हे. जाण्यापूर्वी प्राचार्यांना आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयाला लेखी विचारा व उत्तरही लेखीच घ्या. मुलाला नीट किंवा जेईई द्यायची असेल, तर त्या त्या परीक्षेच्या पात्रतेच्या अटी आधी मुळातून वाचा आणि मगच निर्णय घ्या.

प्रश्न : एका सल्लागाराने ‘हमखास कॅलिफोर्निया’ आणि ‘चांगले कुटुंब’ यासाठी वेगळी रक्कम मागितली आहे. द्यावी का? (पुणे)

देऊ नये. जे-१ शालेय कार्यक्रमात यजमान कुटुंबाला विद्यार्थी ठेवण्याचा मोबदला मिळत नाही. ते स्वेच्छेने ठेवतात. त्यामुळे ‘चांगल्या कुटुंबा’चे पैसे नेमके कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न त्या सल्लागारालाच विचारा. कुटुंब मिळेल तेथे मूल जाते, आणि ते बहुधा आपण नावही न ऐकलेले एखादे लहान गाव असते. ज्यांना ठरावीक शाळा किंवा राज्य हवे असते त्यांना बहुतेक वेळा एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या मार्गाने पाठवले जाते. हा मार्ग वेगळा आहे : त्यात सरकारी शाळेत जास्तीत जास्त बारा महिने शिकता येते आणि शाळेचा संपूर्ण खर्च भरावा लागतो. दोन्ही गोष्टी ‘एक्स्चेंज’ या एकाच नावाने विकल्या जातात, तिथेच पालक फसतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या स्पॉन्सर संस्थांची यादी त्याच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. आपल्या सल्लागाराने ज्या संस्थेचे नाव सांगितले असेल ते त्या यादीत शोधा, आणि पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेला थेट ईमेल करून हा गृहस्थ खरोखर तिचा प्रतिनिधी आहे का, हे विचारा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. मुलीचे तिथे कसे होईल? (सोलापूर)

अर्जात जे खरे आहे ते लिहा. अंडे चालते का, एकाच तव्यावर केलेले चालते का, हेही लिहा. ‘जमवून घेईल’ असे लिहून मागाहून तक्रार करू नका.

प्रश्न : रोटरीतर्फे मुलाला पाठवायचे आहे, पण त्या बदल्यात आपल्या घरी परदेशी विद्यार्थी ठेवावा लागतो म्हणतात. आमचे घर वन बीएचके आहे. (ठाणे)

रोटरीच्या अनेक डिस्ट्रिक्टमध्ये (प्रादेशिक विभागांत) अशी अपेक्षा असते. स्वतंत्र खोली बहुधा अनिवार्य नसते. स्वतंत्र पलंग, थोडा खासगीपणा आणि घरातील सर्व प्रौढांची मनापासून संमती मात्र लागते. आपल्या डिस्ट्रिक्टच्या युथ एक्स्चेंज समितीला घर दाखवूनच विचारा.

प्रश्न : मुलाला तिकडे अठरा पूर्ण होतील. तो गाडी चालवू शकेल का? (नागपूर)

नाही. बहुतेक संस्था वाहन चालवण्यास पूर्ण मनाई करतात आणि नियम मोडल्यास मुलाला परत पाठवतात.

प्रश्न : शाळेने लसीकरणाची नोंद आणि क्षयरोगाची चाचणी मागितली आहे. लहानपणीची कार्डे सापडत नाहीत. (कोल्हापूर)

ज्या रुग्णालयात लसी दिल्या तेथे जुनी नोंद मिळते का ते आधी पाहा. न मिळाल्यास बालरोगतज्ज्ञ रक्तातील प्रतिपिंडे तपासून किंवा काही लसी पुन्हा देऊन नवी नोंद करून देऊ शकतात. काही लसींच्या दोन मात्रांमध्ये ठरावीक अंतर ठेवावे लागते, म्हणून हे काम जुलैवर ढकलू नका. कोणत्या लसी हव्यात, हे राज्यागणिक बदलते. क्षयरोगाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा : आपल्याकडे जन्मतःच बीसीजी देतात आणि त्यामुळे त्वचेवरील मान्टू चाचणी आजार नसतानाही होकारार्थी येऊ शकते. रक्तावरील इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती चालेल का, हे शाळेला विचारा आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवा. दातांची कामेही इथेच उरकून घ्या, कारण कार्यक्रमाच्या विम्यात ती सहसा बसत नाहीत.

प्रश्न : मुलगी तीन महिन्यांपासून अमेरिकेत एका यजमान कुटुंबात आहे. तिच्याशी घरात फारसे कोणी बोलत नाही, रोज संध्याकाळी त्यांची दोन लहान मुले तिने सांभाळावीत अशी अपेक्षा असते आणि जेवण बहुतेक वेळा खोलीत एकटीच करते. तक्रार केली तर परत पाठवतील या भीतीने आम्ही तिला ‘परक्याच्या घरी आहेस, सांभाळून घे’ असे सांगितले. योग्य केले ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. या एका वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशाने होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्या काही आठवड्यांत घरची आठवण येणे, दिवसभर इंग्रजी ऐकून डोके दुखणे, त्यांच्या घरातले मौन अंगावर येणे, हे सारे स्वाभाविक असते आणि बहुधा आपोआप ओसरते. त्यासाठी धीर द्यावा, हे बरोबरच आहे. पण तीन महिन्यांनंतरही मुलगी एकटी जेवते आणि रोज दोन मुले सांभाळते, याला आठवण येणे म्हणत नाहीत. अधूनमधून घरकामात हात लावणे हे कुटुंबात राहण्याचा भाग आहे. रोजची बिनपगारी दाई म्हणून राबणे हा नाही. आपण मुलींना पाहुणी म्हणून गेल्यावर तोंड मिटून राहायला शिकवतो, आणि यजमान पैसे घेत नाहीत म्हटल्यावर उपकाराचे ओझे आणखी वाढते. त्यांच्याविषयी कृतज्ञता असावीच. मात्र तिच्यापोटी मुलीने काय काय सोसायचे, याला मर्यादा आहे.

यजमान कुटुंब बदलणे ही या कार्यक्रमातील नेहमीची प्रक्रिया आहे. नियम मोडल्याबद्दल मुले परत पाठवली जातात. अडचण वेळेवर सांगितल्याबद्दल नव्हे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत याच्या उलट जे फिरते, त्याने मुले महिनोन्‌महिने गप्प बसतात आणि गोष्ट उघड होते तेव्हा वर्षाचा निम्मा काळ गेलेला असतो.

आता काय करायचे ते सांगते. मुलीने स्वतः स्थानिक समन्वयकाला, म्हणजे स्पॉन्सर संस्थेच्या तेथील प्रतिनिधीला, फोन करावा आणि त्याच दिवशी तेच तारखांसह ईमेलने कळवावे. त्याची प्रत आपण येथील संस्थेला पाठवावी. नियमानुसार समन्वयकाने विद्यार्थ्याशी दर महिन्याला संपर्क साधायचा असतो. तो झाला का, आणि झाला असेल तर यजमान शेजारी बसलेले असताना झाला की मुलगी एकटी असताना, हे तिला नीट विचारा. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर स्पॉन्सर संस्थेच्या मुख्य कार्यालयाशी बोला. तिच्याजवळ एक ओळखपत्र असायला हवे, ज्यावर संस्थेचे, समन्वयकाचे आणि परराष्ट्र खात्याच्या विद्यार्थी हेल्पलाइनचे क्रमांक असतात. ते तिच्याकडे आहे का, हे आज रात्रीच विचारा. नसेल, तर तीही तक्रारीत लिहिण्याची बाब आहे.

आपण यजमानांना परस्पर फोन करू नका. त्या संभाषणानंतर मुलीला त्याच घरात रात्र काढायची असते. तेथील नातेवाइकांनाही मध्ये घालू नका. पासपोर्ट आणि डीएस-२०१९ हा जे-१ व्हिसासाठी स्पॉन्सर संस्थेने दिलेला फॉर्म तिच्याजवळच असू द्या. यजमानांना हवीच असेल तर प्रत द्यावी. आणि प्रश्न एकटेपणाच्या पलीकडचा असेल, म्हणजे कोणी अंगाला हात लावत असेल, धमकावत असेल, घरात डांबत असेल, तर समन्वयकाची वाट न पाहता तिने ९११ या तेथील आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा किंवा शाळेतील समुपदेशकाला सांगावे. मुलांवरील अत्याचाराचा संशय आल्यास तो यंत्रणेला कळवण्याचे कायदेशीर बंधन शाळेतील अशा व्यक्तींवर असते.

तिच्याशी बोलताना ‘कशी आहेस?’ विचारू नका. तिचे उत्तर ‘बरी’ असेच येणार. काल संध्याकाळी कुठे जेवलीस, कोणाबरोबर, मुले किती वाजेपर्यंत सांभाळलीस, असे विचारा. आणि हे वाचून झाल्यावर रविवारची वाट पाहू नका.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत मुलाला न्यू जर्सीतील मावशीकडे जायचे आहे, आणि यजमान त्याला कॅनडाला नेणार आहेत. परवानगी लागते का? (रत्नागिरी)

दोन्हींसाठी लागते. मावशीकडे जाण्याला संस्थेची लेखी परवानगी हवी. काही संस्था पहिल्या काही महिन्यांत नातेवाइकांच्या भेटी मुद्दाम टाळतात. कॅनडासाठी भारतीय पासपोर्टवर तेथील वेगळा व्हिसा आणि डीएस-२०१९ वर प्रवासासाठी संस्थेची सही लागते. तिकिटे काढण्यापूर्वी संस्थेला विचारा.

प्रश्न : मुलीला अमेरिकन सरकारच्या ‘येस’ शिष्यवृत्तीतून पाठवले, तर पुढे तिला अमेरिकेत पदवी घेता येणार नाही का? (पणजी)

घेता येते. केनेडी आणि लुगार या दोन अमेरिकन सिनेटरांच्या नावाने २००२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा खर्च अमेरिकन सरकार करते, म्हणून त्याला मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट लागू होते. ती पूर्ण होईपर्यंत एच किंवा एल प्रकारचा नोकरीचा व्हिसा आणि कायमचे वास्तव्य मिळत नाही. विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसा घेण्यास मात्र ती आड येत नाही. मायदेशी काढलेला काळ कसा मोजला जातो, हे जे-१ प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाकडूनच समजून घ्या आणि डीएस-२०१९ ची प्रत जपून ठेवा. ती पुढे मागितली जाते.