सहा तास जादा काम की दोन एकर बाग?

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. माझं वय ५९. फेब्रुवारीत मुलीचं लग्न झालं. जावई ब्रिटिश नागरिक आहेत, लेस्टरला एका हॉटेलात शेफ आहेत, पगार वर्षाला २६,००० पौंड. मुलगी अजून आमच्याकडेच आहे. एजंट म्हणतो, पगार २९,००० ला कमी पडतो, म्हणून ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटी सहा लाख रुपये खात्यावर दाखवावे लागतील. रस्त्याकडेच्या दोन एकराला १ कोटी १० लाख देणारं गिऱ्हाईक आलंय. जावई म्हणतात, व्हिसा झाला की सगळे पैसे परत करतो. बँकेत ९ लाखांची आणि पतसंस्थेत १४ लाखांची ठेव आहे. जावयांची शिल्लक ६,००० पौंड. धाकटा मुलगा बाग बघतो, तो काहीच बोलत नाही. जमीन विकू का?

उत्तर :

रामराम दादा. विसार घेतला नसेल तर घेऊ नका. बाकीचं त्यानंतर बोलू.

एजंटाने सांगितलेला ८८,५०० चा आकडा नियमात आहे, पण तो कमाई शून्य असलेल्या नवऱ्यासाठी आहे. तुमचे जावई २६,००० कमावतात. जोडीदाराच्या व्हिसासाठी उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली. कमी पडणारी रक्कम बचतीतून भरून काढता येते. तिचा हिशेब असा : पहिले १६,००० पौंड ठरलेलेच, आणि त्यावर जेवढी तूट असेल तिच्या अडीच पट. तूट २९,००० ची असेल तर बेरीज ८८,५०० होते. तुमच्याकडे तूट आहे ३,००० ची. अडीच पट म्हणजे ७,५००, अधिक १६,००० : एकूण २३,५०० पौंड. पौंडाला १२० रुपये धरले तर सव्वाअठ्ठावीस लाखांच्या आत. एक कोटी सहा लाख कुठे आणि हे कुठे! (जावयांचा स्वतःचा धंदा असता तर अशी बचत जोडता आली नसती. पगारदार आहेत हे बरं झालं.)

आता या हिशेबातली खरी गंमत बघा. पगार २८,९०० असला तरी सव्वासोळा हजार पौंड दाखवावे लागतात आणि २९,००० झाला की एक पैसाही नाही. म्हणून माझा सगळा जोर त्या शेवटच्या ३,००० पौंडांवर आहे.

२६,००० म्हणजे आठवड्याला ४० तास धरले तर ताशी १२.५० पौंड. आठवड्याला पाच तास जादा केले तर वर्षाचे ३,२५० पौंड वाढतात आणि अट पुरी होते. मी सहा तास सांगेन, म्हणजे पगार २९,९०० होईल आणि थोडी सवड राहील. ४६ तास तिथल्या ४८ तासांच्या मर्यादेतही बसतात. मालकाकडून ४६ तासांचा लेखी करार करून घेतला तर उत्तम, कारण पगारदाराच्या बाबतीत सहा महिन्यांतला सगळ्यांत कमी पगाराचा महिना धरला जातो. वाढ झाल्यावर सहा पूर्ण महिने त्याच मालकाकडे काढायचे, पगारपावत्या आणि बँकेत जमा झालेला आकडा जुळला पाहिजे. मालक तयार नसेल तर शनिवार-रविवारची दुसरी नोकरीही चालते, तिचेही सहा महिने भरले पाहिजेत. हातात मिळालेली रोख टिप मात्र कुणी मोजत नाही. मुलीचा इथला पगारही आत्ता धरत नाहीत.

तुम्ही म्हणाल, पोरीला आणखी सहा महिने कशाला थांबवायचं? जमीन विकली तरी तेवढंच थांबावं लागणार आहे. पैसे मुलीच्या, जावयाच्या किंवा दोघांच्या नावावर आणि त्यांच्या ताब्यात अर्जाच्या आधी सहा महिने असले पाहिजेत. स्वतःच्या नावावरची मालमत्ता विकली तर त्यात सवलत मिळते, पण सातबारा तुमच्या नावावर आहे. म्हणजे खरेदीखत, मग मुलीच्या खात्यावर पैसे, मग सहा महिने. दोन्ही वाटांना वेळ सारखाच, एका वाटेने मात्र बाग जाते.

आता जावयांच्या ‘परत करतो’ या शब्दाबद्दल. त्यांच्या मनात वाईट काही नसणार. पण नियमात उसने पैसे चालत नाहीत, बक्षीस चालतं. परत करायचं आधीच ठरलं असेल तर ते कर्जच. आणि तसं असताना मुलगी अर्जात ‘वडिलांनी भेट दिली’ लिहिणार असेल, तर ते खोटं ठरतं. खोटेपणा पकडला गेला तर नकार येतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो नकार सांगत बसावं लागतं. म्हणून पैसे द्यायचेच असतील तर गेले असं समजून द्या. बापाने लेकीला दिलेल्या पैशावर लेकीला प्राप्तिकर लागत नाही, तेवढी एक बाजू सोपी आहे. एजंटाने महिनाभर कुणाचे तरी पैसे खात्यावर ठेवून देतो असं सुचवलं, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. जावयांनी तिकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला एकदा भेटावं. मी पैशाचा माणूस आहे, व्हिसाचा वकील नाही.

तास वाढलेच नाहीत तर? तरीही जमीन लागत नाही. तुमच्या ९ आणि १४ लाखांच्या ठेवी, जावयांचे ६,००० पौंड म्हणजे ७ लाख २० हजार : बेरीज ३० लाख २० हजार. २३,५०० पौंडांना पुरते, अगदी काठावर. पौंड १२५ झाला तर २९ लाख ३७ हजार लागतील, तेही भागतं. पण सहा महिन्यांत एकही दिवस शिल्लक खाली येता कामा नये. यात एक अडचण आपल्या भागातली आहे. पैसे सरकारी नियामकाच्या देखरेखीखालच्या बँकेत हवेत. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. ती १४ लाखांची ठेव पतसंस्थेत राहून उपयोगाची नाही. मोडून मुलीच्या बँक खात्यात आणावी लागेल, आणि तिचे सहा महिने त्या दिवसापासून सुरू होतील. व्हिसा राहू द्या बाजूला, ५९ व्या वर्षी चौदा लाख एकाच पतसंस्थेत ठेवणं मला तसंही पटत नाही. तिथे रिझर्व्ह बँकेचा ठेव विमा लागू नाही.

ही दुसरी वाट मी मागेच ठेवेन. तुमची सगळी म्हातारपणाची पुंजी लेकीच्या नावावर जाते, आणि अवकाळीने बाग झोपली तर हातात काही उरत नाही. बेदाण्याचा भाव दरवर्षी तुमच्या मनासारखा येत नाही हे मी तुम्हाला काय सांगणार.

जमिनीबद्दल आणखी एकच. गाव तासगाव नगरपरिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागणार नाही, एवढंच त्या सौद्यात चांगलं आहे. पण परदेशी स्थायिक झालेल्या मुलीला किंवा ब्रिटिश जावयाला उद्या इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते, खरेदी नाही. आज विकलेली बाग ते पुढे कमावून परत घेतील ही आशा धरू नका. आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीइतकाच मुलाचाही हक्क आहे. तो गप्प आहे म्हणजे त्याचा होकार आहे असं मी धरणार नाही. एप्रिलची छाटणी त्याच्या हातून होते, आधी त्याला विचारा.

खर्चाचं कुणी सांगितलंय का? एप्रिल २०२५ च्या दरांनी व्हिसाची फी १,९३८ पौंड होती. आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, वर्षाला १,०३५, पहिल्या पावणेतीन वर्षांच्या व्हिसासाठी तीन वर्षांचा घेतात, ३,१०५. दोन्ही मिळून ५,०४३ पौंड, सहा लाखांच्या वर. नकार आला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. त्यानंतर अडीच वर्षांची मुदतवाढ : त्याच दरांनी फी १,३२१ आणि अधिभार २,५८७.५०. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचे ३,०२९. २०२५ च्या त्या दरांनी सगळं मिळून सुमारे १२,००० पौंड, म्हणजे साडेचौदा लाखांच्या आसपास. इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, मराठी विवाह दाखल्याचं भाषांतर हे किरकोळ, पण वेळेत करा. मुदतवाढीच्या वेळी मुलगी तिकडे नोकरी करत असेल तर तिचा पगारही २९,००० मध्ये धरला जातो, त्यामुळे तो टप्पा या पहिल्याइतका जड जात नाही.

यातले पहिले सहा लाख बँकेच्या ठेवीतून तुम्ही द्या, लग्नातला उरलेला खर्च समजून. मुदतवाढीपासून पुढचं जोडप्याने बघावं. जावयांना आजच विचारा, पगारपावतीवर तास किती आहेत आणि मालक ४६ चा करार देईल का. बँकेतली ९ लाखांची ठेव कोणत्या तारखेला संपते तेही मला कळवा. अर्जाची तारीख त्याच सुमाराला पाडता आली तर मोडणावळ भरावी लागणार नाही.