चोखणी सोडवायची कधी?

प्रश्न : माझी मुलगी 13 महिन्यांची आहे. दीड महिन्याची असल्यापासून तिला पॅसिफायरची, म्हणजे आम्ही घरात म्हणतो त्या चोखणीची सवय आहे. दिवसा खेळतानाही ती तोंडातच असते. रात्री चार-पाच वेळा तोंडातून पडते, ही रडत उठते आणि मी अंधारात चाचपडत शोधून परत देते. गेल्या चार महिन्यांत तिचा कान दोनदा दुखला, दोन्ही वेळा अँटिबायोटिक द्यावं लागलं. सासूबाई म्हणतात, आजच्या आज फेकून दे. नवरा म्हणतो, आपोआप सुटेल. पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू होतेय आणि ती पाळणाघरात जाणार आहे. नेमकं कधी सोडवू?

उत्तर : तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर वेळ झाली आहे, तिच्या कानानंच ते सांगितलंय. पण ‘आजच्या आज फेक’ हेही मला पटत नाही.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका : चोखणी दिलीत म्हणून तुम्ही काही वावगं केलेलं नाही. चोखणं ही बाळाची गरजच असते, पोटात असल्यापासून ते अंगठा चोखत असतं. भूक भागवणारं चोखणं आणि मन शांत करणारं चोखणं यांची लयसुद्धा वेगळी. दूध ओढताना साधारण सेकंदाला एकदा, नुसतं चोखताना सेकंदाला दोनदा. बाळाजवळ बसून पाहिलंत तर लक्षात येईल. अंगावरचं पिणं नीट जमल्यावर झोपताना चोखणी दिली, तर झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका कमी होतो, आणि हा धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त असतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत मी कुणालाही ‘काढा ती’ असं सांगत नाही.

सहा महिन्यांनंतर पारडं फिरतं. लहान मुलांची घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सतत चोखत राहिलं की घशातल्या जंतूंना तिकडे सरकायला वाव मिळतो. फिनलंडमधल्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना एवढंच सांगितलं होतं, की सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोप लागेपर्यंत द्या. त्या बाळांमध्ये कानाचे संसर्ग 29 टक्क्यांनी कमी झाले. पूर्ण बंद न करता! तुमच्यासाठी मला हेच महत्त्वाचं वाटतं.

तर उद्यापासून दिवसा खेळतानाची चोखणी बंद करा, रात्रीची राहू द्या. चोखणी अंथरुणावरच ठेवायची, तिथून उठून ती कुठे जात नाही. तिला हवी असली तर तिनं तिथे जाऊन आडवं व्हायचं. खेळणं अर्धवट टाकून दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणी तिथे पडून राहत नाही. तोंड मोकळं राहिलं की बडबडही वाढेल, आणि या वयात बडबड वाढायलाच हवी.

रात्रीची मात्र पाळणाघरात रुळेपर्यंत काढू नका. या वयात आई नजरेआड झाली की मुलं कासावीस होतात. त्यात तुमचं कामावर जाणं, नवी जागा, नवी माणसं. एवढं सगळं एकाच महिन्यात तिच्यावर लादायला नको. ती तिथे हसत जायला लागली की पुढचे तीन-चार आठवडे रात्रीची सवय सोडवण्यासाठी ठेवा. झोप लागली की चोखणी हळूच काढून घ्यायची. उठली तर आधी आवाज द्या, पाठीवर हात ठेवा, थोपटा, आणि तरीही राहवेनाच तर द्या. ती बऱ्याचदा थोपटण्यावर झोपायला लागली की एक रात्र ठरवून कायमची बंद करा. त्यानंतरच्या तीन-चार रात्री कठीण जातील. तेव्हा नवऱ्यानं उठावं, त्यांच्याकडे दुधाचा वास नसतो. आणि एकदा बंद केली की परत द्यायची नाही. तासभर रडल्यावर दिलीत तर ती तासभर रडायला शिकेल. ताप किंवा दाताचा त्रास असेल, तर सुरुवातच पुढे ढकला.

चोखणीचं टोक कापा, म्हणजे चव लागत नाही आणि मूल सोडतं, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. माझ्या मुलाच्या वेळी मी तो ऐकला होता. तिसऱ्या दिवशी कापलेली कड फाटली आणि नखाएवढा रबराचा तुकडा मी बोट घालून त्याच्या गालाच्या आतून काढला. हात कितीतरी वेळ थरथरत होते. कृपा करून टोक कापू नका, त्यावर कडू काही चोळू नका, दोरीनं गळ्यात अडकवू नका. आणि ज्यांचं बाळ वर्षाच्या आतलं आहे त्यांनी चोखणी मधात बुडवू नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, झोपताना चोखणी लागतेच. दात मिटले तरी पुढच्या दातांत फट राहते. ती भरून येईल का?

उत्तर : बहुतेक येईल, पण सवय आता थांबायला हवी. दुधाचे दात आहेत तोवर चोखणं सुटलं, तर पुढची फट पुष्कळदा आपोआप मिटते. मागच्या दाढा आडव्या बसत असतील तर ते मात्र आपोआप क्वचितच सुधारतं, म्हणून एकदा दंतवैद्याला दाखवून घ्या.

या वयात लपवाछपवी नको. त्याला आरशासमोर उभं करा, दात मिटायला सांगा आणि त्याच फटीत स्वतःच्या बोटाचं टोक घालून बघू दे. मग कॅलेंडर त्याच्यापुढे ठेवा. पुढच्या आठवड्यातला दिवस त्यालाच निवडू द्या, आणि खूणही त्याच्याच हातानं करू दे.