जीवशास्त्राची पदवी आणि सहा लाखांचे कर्ज

आपले सविस्तर पत्र वाचले. खानापूर तालुक्यातील किराणा दुकान आणि दोन एकर भातशेती यांवर आपले घर चालते. मुलगी पीयूसी (बारावी) विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, परंतु नीटमध्ये वैद्यकीय प्रवेशापुरते गुण मिळाले नाहीत. आता तिला बेंगळुरूच्या एका खासगी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीची बीएस्सी करायची आहे. तीन वर्षांचा खर्च ६ लाख ३० हजार रुपये असून त्यांपैकी ६ लाख बँक देईल, जामीन म्हणून आपले मेहुणे सही करतील, आणि उरलेल्या रकमेसाठी व लॅपटॉपसाठी पत्नीच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवण्याचा आपला विचार आहे. हे कर्ज काढावे की मुलीला बेळगावातच बीएस्सी करू द्यावी, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. मुलीने जीवशास्त्र जरूर शिकावे, पण बीएस्सीसाठी एवढे कर्ज काढू नये.

आपण १० टक्के व्याजदर लिहिला आहे, तोच धरू. दर वर्षी दोन लाख याप्रमाणे रक्कम उचलली, तर शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सरळव्याजाने १ लाख ८० हजार रुपये व्याज साठते, म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर ७ लाख ८० हजार असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर मासिक हप्ता सुमारे १०,३०० रुपये येतो आणि एकूण परतफेड १२ लाख ३५ हजारांच्या पुढे जाते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांतील जी मुले केवळ जीवशास्त्राच्या बीएस्सीवर गोव्यातील औषध कारखान्यांत, बेंगळुरूच्या कंपन्यांत किंवा तपासणी प्रयोगशाळांत लागली, त्यांचा पहिला पगार बहुधा १५ ते २२ हजारांच्या दरम्यान होता. त्यातून खोलीभाडे आणि जेवण वजा केल्यावर दहा हजारांचा हप्ता निघत नाही. तो मग दुकानाच्या गल्ल्यातून जातो, आणि त्या वेळी आपण ५५ वर्षांचे असाल.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. जीवशास्त्राची कमाई उशिरा सुरू होते. अभियांत्रिकीत चार वर्षांची पदवी पुष्कळदा नोकरीपर्यंत नेते. इथे बीएस्सी ही पहिली पायरी आहे, एमएस्सी दुसरी, आणि संशोधनात जायचे तर नेट परीक्षा तिसरी. त्या परीक्षेतून सीएसआयआर-यूजीसीची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. तेव्हापासून हा विषय खऱ्या अर्थाने घर चालवू लागतो. परंतु बीएस्सीच्या कर्जाचा हप्ता पदवीनंतर एका वर्षाने, म्हणजे ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच, सुरू होईल. काही बँका पुढील शिक्षणासाठी ही मुदत वाढवतात, पण तसे लेखी मिळाल्याशिवाय गृहीत धरू नये. हप्त्याच्या धास्तीने एमएस्सी सोडून मिळेल ती नोकरी धरलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण ज्या पायरीवर पगार वाढायचा तीच त्यांनी गाळलेली असते.

पत्रासोबत आपण मुलीच्या हस्ताक्षरातील खर्चाचा कागद पाठवला आहे. त्यात शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा शुल्क, वसतिगृह असे सगळे नीट मांडून शेवटी तिने ‘मेस’ या ओळीवर काट मारली आहे आणि शेजारी ‘स्वतः करीन’ असे लिहिले आहे. तिला घरची परिस्थिती कळते. म्हणूनच हा हिशेब तिच्यापासून लपवू नका. वरचे आकडे तिला समोर बसवून दाखवा, निर्णयात ती बरोबरीने असू द्या.

बेळगावात अनुदानित महाविद्यालयात बीएस्सी केली तर शुल्काचा भार खासगी विद्यापीठाच्या मानाने फारच हलका राहील. खानापूरहून रोज ये-जा करता येते, आणि शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना परिवहन महामंडळाच्या साध्या बसला भाडे लागत नाही. आपण महिन्याला ९ हजार शिल्लक टाकता असे लिहिले आहे. त्यांतील ५ हजारांचे तीन वर्षांचे आवर्ती खाते तिच्या एमएस्सीसाठी आजच उघडले, तर मुद्दलच १ लाख ८० हजार होईल. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ किंवा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथील एमएस्सीला ही रक्कम मोठा आधार देईल. जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत प्रवेश मिळाला आणि पैसे कमी पडले, तर त्या वेळी कर्ज अवश्य काढावे. ते कर्ज फेडण्याची शक्ती त्या पदवीत असेल.

बँकेने शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणाऱ्या ८०ई कलमाखालील करसवलतीचा उल्लेख केला, असे आपण लिहिता. आपल्या उत्पन्नावर मुळात आयकर बसत नाही, तेव्हा त्या सवलतीचा आपल्याला उपयोग नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत मात्र, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज अनुदान मिळू शकते आणि जामीनही लागत नाही. पण संस्था त्या योजनेच्या यादीत असावी लागते. संबंधित विद्यापीठ यादीत आहे का, हे प्रवेश शुल्क भरण्यापूर्वीच पाहा.

एक गोष्ट आपल्या सीमाभागातील पालकांना मी नेहमी सांगतो. मुलीचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असेल, तर या तीन वर्षांत तिने कन्नड लिहिण्या-वाचण्याइतके पक्के करावे. राज्य सरकारच्या नोकरीला कन्नडची अट असते, आणि उद्या बीएड करून शिक्षिका व्हायचे ठरले तरी ती भाषा लागेल. यासाठी कोणतेही कर्ज लागत नाही.

इतके सांगूनही ती बेंगळुरूलाच जाण्यावर ठाम राहिली, तर कर्ज ४ लाखांच्या आत ठेवा. त्या मर्यादेपर्यंत तारण, जामीन किंवा स्वतःचा हिस्सा लागत नाही, त्यामुळे मेहुण्यांना गुंतवावे लागणार नाही. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत जा. पूर्ण रक्कम उचलल्यावरही ते सुमारे ३,३०० रुपये होईल, आणि असे व्याज नियमित भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात. उरलेला खर्च शिष्यवृत्तीतून किंवा विद्यापीठाकडून शुल्क कमी करून घेऊन भागत नसेल, तर तो प्रवेश आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे समजा. पाटल्या घरातच राहू द्या. धाकट्या मुलाची दहावी झाल्यावर त्याच्याही प्रवेशाचा खर्च दोन वर्षांत समोर येईल, आणि तेव्हा अडीअडचणीला हाताशी असलेले तेवढेच सोने आहे.